कच्चा मासा: ताजा असला म्हणजे झालं?

गळाला लागला, होडीतच साफ केला, बर्फात गार केला आणि दोन तासांत ताटात आला. याहून ताजं ते काय असणार, आणि इतक्या ताज्या माशाने काय बाधणार, असं कुणालाही वाटेल. पहिली गोष्ट खरी आहे, दुसरी नाही. कच्च्या माशातल्या काही धोक्यांवर ताजेपणा हा चांगला इलाज आहे, पण काहींवर त्याचा काडीचाही उपयोग नाही. आणि चवीचं म्हणाल, तर नुकताच मेलेला मासा बहुतेक वेळा सर्वात चविष्टही नसतो.

आधी ताजेपणाने टळणारे धोके. धडधाकट माशाचं मांस आतून जवळजवळ निर्जंतुक असतं. जीवाणू असतात ते कातडीवरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत आणि आतड्यांत. मासा मेला की तिथून ते मांसाकडे सरकतात, आणि सुरी, पाट, हात यांच्यावरून तर फारच लवकर पोचतात. समुद्राच्या पाण्यात मुळातच राहणारा व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस हा त्यातला नामांकित. १९५० साली ओसाकात शिरासू, म्हणजे उकडून अर्धवट सुकवलेली बारीक मासळी, खाऊन २७२ माणसं आजारी पडली आणि २० दगावली. त्या तपासात त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी हा जीवाणू शोधला. उबेत त्याची संख्या दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकते, १० अंशांखाली मात्र तो जवळजवळ थबकतो. त्याला मीठ लागतं, गोडं पाणी सोसत नाही. म्हणून मासा कापण्याआधी नळाच्या पाण्याखाली खळखळून धुतात. हे कापण्याआधी करायचं. उघड्या मांसाला गोडं पाणी लागलं की ते पाणी पितं आणि लिबलिबीत, बेचव होतं.

दुसरा धोका हिस्टामीनचा. टूना, बांगडा, तारली यांसारख्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा तासन्‌तास उन्हात किंवा कोमट डब्यात पडून राहिला, तर जीवाणू त्याचं हिस्टामीन करून टाकतात. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात, तोंडात मिरी चावल्यासारखी चुणचुण होते. लोकांना वाटतं माशाची ॲलर्जी आली, पण दोष माशाचा नसून बर्फ न घातल्याचा असतो. एकदा तयार झालेलं हिस्टामीन शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही. वासावरून किंवा रंगावरून ते ओळखूही येत नाही. तेव्हा ते तयारच होऊ न देणं, एवढाच मार्ग उरतो.

हे दोन्ही धोके वेळ आणि तापमान यांच्या हिशेबात बसतात: लवकर गार करा, गार ठेवा, स्वच्छ हातांनी कापा. तिसरा धोका या हिशेबात बसत नाही.

तो म्हणजे कृमींचा. समुद्री माशांत सर्वात जास्त गाठ पडते ती ॲनिसाकिसशी. याची पूर्ण वाढ होते देवमासे आणि डॉल्फिन यांच्या पोटात. तिथून अंडी पाण्यात पडतात, त्यातल्या अळ्यांना क्रिलसारखे बारीक कवचधारी जीव खातात, त्या जीवांना मासे आणि माकूल खातात, आणि अळी तिथे वाट बघत बसते. दोन-तीन सेंटिमीटर लांबीची, दोऱ्याएवढी जाड, पांढुरकी अळी घड्याळातल्या स्प्रिंगसारखी वेटोळं करून माशाच्या आतड्यांवर, यकृतावर किंवा पोटाच्या पातळ मांसात पडलेली असते. ती माशाबरोबर पाण्यातूनच आलेली असते, म्हणून मासा जितका ताजा तितकी ती जास्त तरतरीत. चकचकीत डोळे आणि लालभडक कल्ले जीवाणूंबद्दल पुष्कळ सांगतात, अळीबद्दल काहीच सांगत नाहीत.

जिवंत अळी आपल्या पोटात गेली की ती जठराच्या किंवा आतड्याच्या अस्तरात शिरू पाहते. बहुतेकांना जेवल्यानंतर काही तासांत पोटाच्या वरच्या भागात असह्य कळा येतात, मळमळतं, उलट्या होतात. माणसाच्या शरीरात ती मोठी होत नाही, काही दिवसांत मरते, पण तेवढे दिवस कोण सोसणार? दुर्बीण घालून चिमट्याने काढली की दुखणं बहुधा तिथल्या तिथे उतरतं. काहींना तिच्यातल्या प्रथिनांची खरीखुरी ॲलर्जीही होते, आणि मग मेलेली अळीसुद्धा त्रास देऊ शकते. जपानमध्ये अलीकडच्या वर्षांत अन्नविषबाधेच्या नोंदवलेल्या घटनांमध्ये संख्येने ॲनिसाकिसच आघाडीवर आहे. कच्च्या माशाची इतकी जाण असलेल्या देशात ही अवस्था, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

लिंबू, व्हिनेगर, आलं, वसाबी, सोबत घेतलेलं मद्य यांपैकी कशानेही ही अळी ताटात मरत नाही. लिंबाच्या रसात मासा पांढरा पडतो, घट्ट होतो, शिजल्यासारखा दिसतो, कारण आम्लाने प्रथिनांची घडी उलगडते. अळी मात्र जठरातल्या आम्लात जगायला तयार झालेली आहे, तिला लिंबाचं काय? पेरू देशातल्या सेविचेला, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या माशाला, किंवा व्हिनेगरात मुरवलेल्या बांगड्याला म्हणूनच कच्च्या माशाचेच नियम लागू होतात.

चालतात ते दोनच उपाय, उष्णता आणि थंडी. उष्णतेत मासा कच्चा राहत नाही, म्हणून राहिली थंडी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे तीन पर्याय आहेत: उणे २० अंश किंवा त्याहून कमी तापमानात एकूण ७ दिवस, उणे ३५ अंशांना दगडासारखा घट्ट करून त्याच तापमानात १५ तास, किंवा उणे ३५ ला घट्ट करून उणे २० ला २४ तास. युरोपीय संघ उणे २० अंशांना २४ तास पुरेसे मानतो, पण ते माशाच्या गाभ्यात उणे २० आल्यानंतरचे. सात दिवस आणि एक दिवस यांतला फरक बराचसा इथे आहे: अमेरिकी हिशेबात गोठायला लागणारा वेळही धरलेला आहे. नेदरलँड्समध्ये हलकं मीठ लावलेला कच्चा हेरिंग मासा खाऊन माणसं आजारी पडत होती. १९६८ साली तिथे हेरिंग आधी गोठवण्याची सक्ती झाली आणि रुग्ण जवळपास दिसेनासे झाले. खाण्याची रीत तशीच राहिली.

घरचा फ्रीजर इथे दगा देतो. तो बहुधा उणे १८ ला लावलेला असतो आणि दार उघडझाप होताना त्याहूनही वर जातो. आत वेगळा थर्मामीटर ठेवून उणे २० सलग टिकतं का ते बघा. टिकत नसेल तर त्या फ्रीजरच्या भरवशावर मासा कच्चा खाऊ नका. टिकत असेल तर अख्खा मासा न गोठवता त्याचे दोन-तीन सेंटिमीटर जाडीचे तुकडे करा, हवा काढून पिशवीत बंद करा, एकावर एक न रचता पसरून ठेवा, आणि तुकडे टणक झाल्यावर पुढचे सात दिवस मोजा. खोल गोठवण्याने अळ्या मरतात, जीवाणू मात्र बरेचसे निद्रिस्त होतात आणि वितळल्यावर उठतात. म्हणून वितळवायचा तो फ्रीजमध्येच, रात्रभर. हवा काढलेली पिशवी त्याआधी फोडायची, कारण बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा ई प्रकारचा जीवाणू हवा नसलेल्या जागी ३-४ अंशांनाही वाढू शकतो.

मग न गोठवता काहीच खाता येत नाही का? येतं, पण मासा निवडून. टूनाच्या मोठ्या जातींमध्ये मांसात कृमी क्वचितच आढळतात, म्हणून अमेरिकी नियमांत ब्लूफिन, यलोफिन, बिगआय, अल्बाकोर वगैरेंना गोठवण्यातून सूट आहे. तयार खाद्यावर वाढवलेल्या सामन माशालाही अशी सूट मिळते, कारण त्याने जंगली भक्ष्य खाल्लेलंच नसतं. अळीची साखळी तिथेच तुटते. उलट समुद्रात किंवा नदीत पकडलेला जंगली सामन हा धोकादायक माशांपैकी एक. त्यात ॲनिसाकिस असतो आणि माणसाच्या आतड्यात कित्येक मीटर वाढणारा फीतकृमीही. जपानमध्ये पूर्वी सामन कच्चा खात नसत तो याचमुळे. १९८० च्या दशकात नॉर्वेने पाळलेला सामन तिथे नेला तेव्हा कुठे तो सुशीवर चढला. दुकानातल्या ‘सुशी ग्रेड’च्या चिठ्ठीवर मात्र विसंबू नका. अमेरिकेत तरी तिची कायदेशीर व्याख्याच नाही. मासा कुठे, कधी पकडला, गोठवला का, किती अंशांना आणि किती दिवस, हे विकणाऱ्याला विचारा. तो सांगू शकला नाही तर मासा घ्या, पण शिजवून खा.

गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाऊ नये. इथे आमचं मत ठाम आहे. त्यात यकृतातल्या पर्णकृमींच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गाठी असू शकतात. थायलंडच्या ईशान्य भागात कच्च्या नदीमाशाच्या कोई प्ला या पदार्थातून ओपिस्थॉर्किस हा कृमी पसरतो आणि वर्षानुवर्षांच्या संसर्गातून पित्तनलिकेचा कर्करोग होतो. सिंगापूरमध्ये २०१५ साली गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशातून स्ट्रेप्टोकोकस जीवाणूची साथ आली, धडधाकट माणसांनाही रक्तात संसर्ग झाला, आणि त्या वर्षअखेर कच्च्या तयार पदार्थांत असे मासे वापरण्यावर तिथे बंदी आली. प्रवाळ खडकांवरचे मोठे शिकारी मासेही टाळा. सिग्वाटेराचं विष त्यांच्यात साठतं आणि ते ना गोठून जातं, ना शिजून.

आता चव. मासा जिवंत असताना त्याच्या स्नायूंत ऊर्जेचं चलन म्हणून एटीपी असतं. मेल्यावर त्याचं टप्प्याटप्प्याने विघटन होतं आणि मधल्या टप्प्यावर इनोसिनेट तयार होतं. माशाची ती खोल, जिभेवर रेंगाळणारी चव याचीच. जपानमध्ये शिंतारो कोदामा यांनी १९१३ साली सुकवलेल्या बोनिटो माशामध्ये ते ओळखलं. पुढे इनोसिनेटही मोडतं, इनोसिन आणि हायपोझँथिन उरतं, चव विरते, कडवटपणा येतो. या शेवटच्या दोन पदार्थांचं एकूण साखळीतलं प्रमाण म्हणजे के-मूल्य. ते २० टक्क्यांच्या आत असेल तोवर मासा कच्चा खाण्याच्या ताजेपणाचा मानतात. म्हणजे नुकत्या मेलेल्या माशात इनोसिनेट अजून पुरतं तयार झालेलं नसतं. तो दाताखाली करकरीत लागतो, चवीला मात्र पाणचट. पांढऱ्या मांसाच्या बऱ्याच माशांत नीट गार ठेवल्यास चव दिवसाभरात वर येते, पोत तोवर मऊ होऊ लागतो. कुणाला करकरीतपणा हवा, कुणाला चव. दोन्ही एकदम पूर्ण मिळत नाही. बांगडा, तारली यांना मात्र वाट बघायला लावू नका. त्यांचं सगळंच भरभर होतं.

या सगळ्यावर मासा कसा मेला याचा परिणाम होतो. होडीत तडफडून मेला तर एटीपी तिथेच जळून जातं, स्नायूंत आम्ल साठतं, अंग तापतं, ताठरपणा लवकर येतो आणि लवकर उतरतो. टूनासारख्या ताकदवान माशाचं मांस तर फिकट, ओलसर, भाजल्यासारखं दिसू लागतं. म्हणून इकेजिमे, म्हणजे मासा झटक्यात मारण्याची जपानी रीत.

मासा ओल्या फडक्यावर धरा, डोळे झाका, शांत होऊ द्या. डोळ्याच्या किंचित मागे आणि वर मेंदू असतो, तिथे टोकदार सळई एका दमात घुसवा. नेम लागला तर पर एकदम ताठ पसरतात, अंग थरथरतं, तोंड उघडतं आणि मासा सैल पडतो. असं झालं नाही तर मेंदू चुकलाय. लगेच कल्ल्याचं झाकण उचलून कल्ले आणि कणा यांच्या मधली रक्तवाहिनी कापा, शेपटीच्या बुडाशीही कण्यापर्यंत एक छेद द्या आणि मासा समुद्राच्या पाण्याच्या बादलीत पाच-दहा मिनिटं सोडा. रक्त राहिलं तर वास तिथूनच येतो. सवय असलेले लोक पुढे कण्याच्या वरच्या नळीतून बारीक स्टीलची तार फिरवून मज्जारज्जूही मोडतात. तार आत जाताना कातडीवर लहर उमटत जाते. यामुळे स्नायूंना आकुंचनाचे संदेश मिळत नाहीत आणि ताठरपणा कित्येक तास लांबतो.

मग पोट. यात दिरंगाई नको, कारण काही माशांत मेल्यानंतर अळ्या आतड्यांतून मांसाकडे सरकतात. गुदद्वारापासून डोक्याकडे सुरीचं फक्त टोक चालवा, खोल नाही. आतडं फुटलं तर मांसाला घाण लागते आणि तो भाग कच्च्यासाठी बाद. सगळं काढल्यावर कण्याला चिकटलेली गडद रक्ताची पट्टी दिसते. तिच्यावरचा पडदा चिरून दात घासायच्या जुन्या ब्रशने ती खरवडा, धुवा, आतून-बाहेरून कोरडं पुसा. त्यानंतर दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी अशा काल्यात मासा पूर्ण बुडवा. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात, काला मात्र सगळीकडून टेकतो आणि कितीतरी लवकर गार करतो. गाभ्यापर्यंत गार झाला की बाहेर काढा, कागदात गुंडाळा आणि ०-२ अंशांना ठेवा. कागद ओला झाला की बदला.

कापायला बसताना खवले काढण्याचा पाट वेगळा, अंतिम तुकड्यांचा वेगळा. सुरी दर टप्प्याला धुवायची. मांस सुटं झालं की पोटाकडची पातळ झालर काढून टाका. चवीला ती तेलकट आणि छान असते, पण अळ्या सापडल्या तर बहुधा तिथेच. उरलेला तुकडा उजेडाच्या दिव्यासमोर धरून बोटांनी चाचपत बघा. पांढऱ्या, पातळ मांसात अळी दिसते. गडद किंवा जाड मांसात निसटते, म्हणून या तपासणीला गोठवण्याची जागा देऊ नका. सुरी लांब आणि अतिशय धारदार हवी. टाचेकडून टोकापर्यंत एकाच ओढीत काप पडला पाहिजे, करवतीसारखं पुढे-मागे केलं की धागे फाटतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. टूना, सामन यांचे काप तंतूंना आडवे, आठ-दहा मिलिमीटर जाड. चिवट चपट्या माशांचे दोनेक मिलिमीटर, ताटाची नक्षी दिसेल इतके पातळ. माकुलावर दोन्ही बाजूंनी जवळजवळ चिरा पाडतात. चावायला सोपं जातं आणि आत अळी असलीच तर कापली जाण्याची शक्यता वाढते.

कापताना मांस लगद्यासारखं सुटत असेल तर तो मासा टाकून द्या. कुडोआ नावाच्या सूक्ष्म परजीवीच्या विकरांनी असं होतं, किंवा मासा उशिरा गार झालेला असतो. टूनाच्या कापावर दिसणारी इंद्रधनुषी झाक मात्र बिघाड नव्हे, ती तंतूंवरून प्रकाश विखुरल्याची असते. जास्त सावध व्हायचं ते आठवडाभर फ्रीजमध्ये राहूनही कलिंगडासारख्या गुलाबी दिसणाऱ्या टूनाला. कार्बन मोनॉक्साइड लावून तो रंग पक्का केलेला असू शकतो, आणि मग रंगावरून वय कळत नाही. ताटही आधी गार करून घ्या आणि वाढल्यापासून अर्ध्या तासात संपवा.

गरोदर बायका, लहान मुलं, वृद्ध, यकृताचे रुग्ण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी कच्चा मासा खाऊ नये, गोठवलेलाही नाही. लिस्टेरिया आणि व्हिब्रिओ हे जीवाणू त्यांच्या बाबतीत जिवावर बेततात आणि गोठवण्याने त्यांचा बंदोबस्त होत नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या नेहमी घेणाऱ्यांच्या जठरात जंतू मारणारं आम्ल कमी असतं, त्यांनीही विचार करावा. इतरांपैकी कुणाला जेवणानंतर काही तासांत पोटात जोराच्या कळा आल्या, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात कोणता मासा, कच्चा, आणि किती तासांपूर्वी खाल्ला ते सांगावं. नाहीतर अल्सर किंवा अपेंडिक्सच्या संशयात वेळ जातो. ताटात उरलेले काप परत फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी कच्चे खायचे नाहीत. अर्ध्या तासाच्या आत असतील तर सरळ तव्यावर टाका आणि आतपर्यंत ६३ अंश होऊ द्या.